पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर एक मतदारसंघ

हिंगोलीने १९९१ पासून एकाही खासदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा दिल्लीला पाठवलेले नाही. १९८०, १९८४ आणि १९८९ अशा तीन निवडणुका सलग जिंकणारे काँग्रेसचे उत्तमराव राठोड हे तसे शेवटचे. त्यांच्यानंतर विलासराव गुंडेवार, शिवाजी माने, सूर्यकांता पाटील, पुन्हा माने, पुन्हा सूर्यकांताताई, सुभाष वानखेडे, राजीव सातव, हेमंत पाटील आणि आता नागेश पाटील आष्टीकर. नऊ निवडणुका झाल्या आणि नऊही वेळा माणूस बदलला. २०१४ साली मोदींच्या लाटेत महाराष्ट्रात काँग्रेसच्या वाट्याला दोनच जागा आल्या, नांदेड आणि हिंगोली. हिंगोलीत सातव १,६३२ मतांनी निवडून आले. पाच वर्षांनी त्याच मतदारांनी शिवसेनेच्या हेमंत पाटलांना २,७७,८५६ मतांचे मताधिक्य दिले. आणखी पाच वर्षांनी त्यांच्या पक्षाचा उमेदवार एक लाखाहून जास्त मतांनी पाडला.

मुंबई-पुण्यात बसून या मतदाराला लहरी म्हणणे सोपे आहे. २०२५ च्या मे महिन्यात या भागात हिंडताना मला तो लहरी वाटला नाही. त्याच्या हातात जे एक बटण नक्की राहते, ते तो दर पाच वर्षांनी पूर्ण जोर लावून दाबतो, एवढेच दिसले.

जालन्यापर्यंत येणारी जनशताब्दी २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत वाढवली, तेव्हा मुंबईहून इकडे येणे बरेच सोपे झाले. स्टेशनवर पाटी आहे ती ‘हिंगोली डेक्कन’ अशी. गावात शिरल्यावर एकेक मोहल्ला निजामाच्या काळातली छावणी उलगडून दाखवतो: पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. निजामाच्या फौजेचा हा तळ होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या सगळ्या काळात हिंगोली परभणी जिल्ह्याचा एक तालुका होती. १ मे १९९९ रोजी ती स्वतंत्र जिल्हा झाली. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. त्यातले शंभरातले पंच्याऐंशी लोक खेड्यात राहणारे.

लोकसभेचा हिंगोली मतदारसंघ मात्र जिल्ह्याहून बराच मोठा आहे, आणि त्याचा नकाशा समजून घेतल्याशिवाय इथले राजकारण कळत नाही. जिल्ह्यातले वसमत, कळमनुरी आणि हिंगोली हे तीन विधानसभा मतदारसंघ, नांदेड जिल्ह्यातले हदगाव आणि किनवट, आणि पैनगंगा ओलांडून विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यातले उमरखेड. तीन जिल्हे, दोन महसूल विभाग. एका टोकाला नांदेडच्या वाटेवरची वसमतची काळी, ओलिताची जमीन, तर दुसऱ्या टोकाला तेलंगणाला टेकलेले किनवटचे जंगल आणि गोंड, कोलाम, आंध आदिवासींचे पाडे. हिंगोलीहून किनवट सव्वाशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. किनवटच्या माणसाला खासदाराकडे काम असेल, तर एक अख्खा दिवस जातो. आणि खासदार त्या दिवशी दिल्लीत किंवा मुंबईत असू शकतो.

मराठा, बंजारा, हटकर, आदिवासी, बौद्ध, मुस्लिम, लिंगायत अशा सगळ्यांची इथे बऱ्यापैकी वस्ती आहे. एका समाजाच्या जोरावर इथे कुणी खासदार होत नाही. हिंगोली शहरातल्या लोकांची एक जुनी तक्रार वेगळी आहे: मतदारसंघाला नाव आमचे, पण उमेदवार हदगावचा. सूर्यकांताताई आणि वानखेडे लोकसभेत जाण्याआधी हदगावचे आमदार होते. २०२४ ची लोकसभेची लढत तर हदगाव तालुक्यातल्या दोन पुढाऱ्यांतच झाली, आष्टीचे नागेश पाटील आणि कोहळीचे बाबुराव कदम.

२६ एप्रिल २०२४ रोजी इथे मतदान झाले तेव्हा ३३ उमेदवार उभे होते. एका मतदान यंत्रावर सोळा नावे मावतात. ३३ उमेदवार आणि ‘नोटा’ मिळून ३४ झाले, म्हणून प्रत्येक केंद्रावर तीन-तीन यंत्रे शेजारी मांडावी लागली. मतदार होते १८ लाखांवर.

इथे आफ्रिकेतल्या एका देशाची गोष्ट सांगावीशी वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या वरच्या अंगाला बोट्स्वाना आहे, बहुतेक भाग कोरडा, जनावरांवर जगणारी गावे असलेला. ३० ऑक्टोबर २०२४ ला तिथे निवडणूक झाली आणि १९६६ साली स्वातंत्र्य मिळाल्यापासून सत्तेत असलेला बोट्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टी हा पक्ष पहिल्यांदा हरला. त्या अख्ख्या देशाचे नोंदलेले मतदार १० लाखांच्या थोडे वर आहेत आणि ते ६१ खासदार निवडतात. म्हणजे एका खासदारामागे सतरा हजार मतदार. तिथल्या खेड्यात कगोटला नावाची गावसभेची जागा असते. मुखिया बसतो, गावकरी जमतात, एकेकजण उठून आपले म्हणणे मांडतो. आपल्याकडे ग्रामसभेसाठी मारुतीच्या देवळाचा पार असतो, तसेच. बोट्स्वानाच्या खेड्यातला माणूस आपल्या खासदाराला चेहऱ्याने ओळखू शकतो. हिंगोलीच्या अठरा लाखांना एकच खासदार आहे. सतरा-वीस हजार माणसांमागे एक निवडलेला माणूस, हे प्रमाण आपल्याकडे जिथे सापडते ती जागा म्हणजे जिल्हा परिषदेचा गट. त्या गटाची हकिगत पुढे येते.

वसमतच्या मोंढ्यात मे महिन्यात हळदीचा हंगाम जोरात असतो. जानेवारी-फेब्रुवारीपासून काढणी सुरू होते, कंद शिजवायचे, उन्हात वाळवायचे, ढोलात घालून चकाकी आणायची आणि मग पोती बाजारात. आवारात नजर टाकावी तिकडे पिवळे ढीग. बीट म्हणजे लिलाव सुरू झाला की व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ढिगापाशी थांबतो. एकजण हळकुंड उचलतो, कट्कन मोडतो, आतला रंग पाहतो, नखाने खरडतो आणि टाकून देतो. अडत्या आकडा पुकारतो. ढिगामागे उभा असलेला शेतकरी हळकुंडाकडे पाहत नाही, व्यापाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. नऊ महिने राबून आणलेल्या मालाची किंमत मिनिटभरात ठरते आणि घोळका पुढच्या ढिगाकडे सरकतो. हिंगोलीतही संत नामदेव यांच्या नावाचे हळद मार्केट यार्ड आहे, तिथेही हेच दृश्य.

त्या दिवशी दुपारनंतर आभाळ भरून आले. त्या मे महिन्यात मराठवाड्यात अवकाळी पाऊस पुन्हा पुन्हा झाला. पहिले टपोरे थेंब पडले तसे सगळे आवार धावू लागले. हमाल ताडपत्र्या ओढत होते, बाया पदर खोचून ढीग गोळा करत होत्या, एक म्हातारा स्वतःचे धोतर भिजत असताना दोन पोती मिठीत धरून उभा होता. शेडखाली जागा होती ती व्यापाऱ्यांनी आधी घेतलेल्या मालाने भरलेली. भिजलेल्या हळदीचा रंग जातो आणि रंगाबरोबर भाव जातो. मी शेजारच्या शेतकऱ्याला विचारले, शेतकऱ्याच्या मालासाठी मोकळे शेड कुणाकडे मागायचे? तो म्हणाला, ‘‘दादा, मागून झालं. आमदाराला मागितलं, खासदाराला मागितलं. आता पाऊस आला की पळायचं.’’

बाजार समितीच्या निवडणुका एप्रिल २०२३ मध्ये राज्यभर झाल्या. पण बाजार समितीचे संचालक शेतकरी थेट निवडत नाही. सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य मत देतात. पोते घेऊन येणारा माणूस त्या मतपेटीपर्यंत पोचतच नाही. ज्या जागेवर त्याच्या वर्षाचा हिशेब होतो, तिथे त्याला मत नाही. मला ही व्यवस्था अन्यायाची वाटते.

हळदीभोवती इथले बरेच राजकारण फिरते, आणि ते स्वाभाविक आहे. भाव एखाद्या वर्षी क्विंटलला सहा-सात हजारांवर येतो, तर २०२४ सारख्या वर्षी पंधरा हजारांपलीकडे जातो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र वसमतला आले, हेमंत पाटील त्याचे अध्यक्ष झाले. वसमतची दुसरी सत्ता म्हणजे पूर्णा सहकारी साखर कारखाना. कारखान्याचे नेते जयप्रकाश दांडेगावकर पुढे राष्ट्रीय सहकारी साखर कारखाना महासंघाचे अध्यक्ष झाले. शिवसेनेचे जयप्रकाश मुंदडा आणि राष्ट्रवादीचे दांडेगावकर यांच्या लढती हा अनेक वर्षे वसमतच्या निवडणुकीचा मुख्य विषय होता. २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून चंद्रकांत ऊर्फ राजू नवघरे आमदार झाले. पक्ष फुटला तेव्हा नवघरे अजित पवारांकडे राहिले आणि दांडेगावकर शरद पवारांकडे. २०२४ च्या विधानसभेला दोघे समोरासमोर आले. नवघरे जिंकले. उसाच्या फडात, कारखान्याच्या गेटवर, मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर ही लढत लोक अजून नात्यातल्या भांडणाच्या सुरात सांगतात, आणि सांगणारा कुणाच्याही बाजूचा असो, आवाज थोडा खाली येतो.

वसमतहून औंढ्याला जाताना जमीन हळूहळू खडकाळ होते. औंढा नागनाथाचे हेमाडपंती देऊळ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. संत नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश झाला तो इथेच, असे सांगतात, आणि नामदेवांचे नर्सी गाव हिंगोली तालुक्यातच आहे. नामदेव पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेले, म्हणून नर्सीला आज पंजाबातूनही भाविक येतात. औंढ्याजवळच दुधाळ्याच्या परिसरात लायगो प्रकल्प उभा राहतोय. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात टाकून गुरुत्वीय लहरी पकडणारी ही वेधशाळा आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. शाळेतली पोरे या प्रकल्पाबद्दल उत्साहाने बोलतात. एका मुलीने मला अवकाशातल्या कृष्णविवरांची टक्कर दोन्ही हातांनी करून दाखवली. तिच्या गावात आठवीनंतरच्या शाळेसाठी एसटी लागते.

सेनगाव तालुक्यात मात्र गाडी थांबवून थोडे जास्त थांबावे लागते.

इथल्या ताकतोडा गावाने २०१९ मध्ये गावच विक्रीला काढल्याचे जाहीर केले होते. कर्ज, दुष्काळ, पीकविमा न मिळणे, ही कारणे. २०२३ च्या नोव्हेंबरात याच तालुक्यातल्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आपले अवयव विकायला काढले. किडनी, यकृत, डोळे, प्रत्येकाची किंमत लिहून. महाराष्ट्रभर चार दिवस बातम्या आल्या. मग विषय मागे पडला. या भागातले सोयाबीन पावसावर अवलंबून. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी भाव मिळत होता. नोव्हेंबर २०२४ च्या प्रचारात महायुतीने सोयाबीनला सहा हजार रुपये देण्याचे आश्वासन दिले होते. सेनगावच्या बाजारात लोक ते वाक्य पाठ म्हणून दाखवतात. घरात मात्र बाया वेगळा हिशेब सांगतात. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार खात्यात यायला लागले. शेतातल्या पैशावर नवऱ्याचे आणि सावकाराचे नाव असते, या पैशावर तिचे एकटीचे. सेनगावच्या एका घरी चुलीपुढे बसलेली बाई मला म्हणाली, ‘‘भाऊ, पहिल्यांदा ब्यांकेत माझा अंगठा माझ्यासाठी लागला.’’ या एका वाक्यात मला २०२४ च्या विधानसभेचा निकाल जेवढा समजला, तेवढा पुष्कळ विश्लेषणांतून समजला नव्हता.

कारण तो निकाल खरोखर चकित करणारा आहे. ४ जून २०२४ ला लोकसभेत उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे आष्टीकर ४,९२,५३५ मते घेऊन १,०८,६०२ च्या फरकाने जिंकले. २३ नोव्हेंबरला त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने घेतल्या. उमरखेड, किनवट आणि हिंगोली भाजपला, कळमनुरी आणि हदगाव एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेला, वसमत अजित पवारांच्या राष्ट्रवादीला. हिंगोलीत तानाजी मुटकुळे तिसऱ्यांदा आमदार झाले. जूनमध्ये लोकसभा हरलेले बाबुराव कदम कोहळीकर नोव्हेंबरात हदगावचे आमदार होते. साडेपाच महिन्यांत सगळे उलटले.

लोकसभेच्या निकालामागे मराठा आरक्षणाचे आंदोलन होते, हे कुणीही सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये हेमंत पाटलांनी आरक्षणाच्या मागणीसाठी खासदारकीचा राजीनामा दिला होता. २६ नोव्हेंबर २०२३ ला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर छगन भुजबळ यांच्या उपस्थितीत ओबीसींची एल्गार सभा झाली. पुढच्याच महिन्यात मराठा आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांची सभा दिग्रस कऱ्हाळे इथे भरली. ६ जुलै २०२४ ला त्यांनी मराठवाड्यातल्या शांतता रॅलीची सुरुवात हिंगोलीतूनच केली. रामलीला मैदान हे हिंगोलीच्या दसरा महोत्सवाचे मैदान. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या जातीधर्मांची माणसे तिथे पाळण्यात बसायला आणि रावण जळताना पाहायला येतात. त्या दिवसांत गावोगावी मराठा आणि ओबीसी शेजाऱ्यांनी एकमेकांच्या लग्नाला जाणे कमी केले, दुकानांचे गिऱ्हाईक विभागले गेले. हे मला अनेकांनी सांगितले, आणि सांगताना कुणालाही त्याचा अभिमान नव्हता. मोर्चे निघावेत, मागण्या व्हाव्यात, तो हक्क आहे. पण शेतात एकमेकांच्या बैलजोडीवर चालणाऱ्या गावाला हे दुरावणे फार महागात पडते.

२०२४ च्या उमेदवारीचा घोळही इथे विसरला गेलेला नाही. शिंदेंच्या शिवसेनेने आधी हेमंत पाटलांचे नाव जाहीर केले, स्थानिक भाजपने विरोध केला, आणि अर्जाची मुदत संपत आली तेव्हा नाव बदलून कोहळीकरांचे केले. पाटलांच्या पत्नी राजश्री पाटील यांना शेजारच्या यवतमाळ-वाशीममधून उभे केले. त्या तिथे हरल्या. तिसऱ्या क्रमांकावर वंचित बहुजन आघाडीचे डॉ. बी. डी. चव्हाण होते, १ लाख ६१ हजारांवर मते घेऊन. म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त. २०१९ मध्येही वंचितच्या मोहन राठोड यांनी १ लाख ७४ हजार मते घेतली होती. बंजारा तांडे आणि बौद्ध वस्त्या यांची ही बेरीज कायम इथे आहे. मोठे पक्ष तिच्याकडे फक्त ‘मते खाणारी’ म्हणून बघतात. ती माणसे काय मागतात हे विचारायला तांड्यावर फारसे कुणी जात नाही.

कळमनुरी हा राजीव सातवांचा तालुका. मसोड हे त्यांचे गाव. आई रजनीताई सातव राज्यात मंत्री होत्या. राजीव सातव २००९ मध्ये इथून आमदार झाले, २०१४ मध्ये खासदार, २०२० मध्ये राज्यसभेवर गेले आणि १६ मे २०२१ ला कोरोनानंतरच्या आजाराने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. कळमनुरीत विरोधी पक्षाचे लोकही त्यांच्याबद्दल बोलताना ‘आपला राजीव’ म्हणतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये राहुल गांधींची भारत जोडो यात्रा याच तालुक्यातून गेली. आदित्य ठाकरे तिच्यात सामील झाले ते इथेच. त्याआधी चार महिने, शिवसेना फुटली तेव्हा, इथले आमदार संतोष बांगर उद्धव ठाकरेंच्या बाजूने राहिले होते आणि हिंगोलीत कार्यकर्त्यांसमोर त्यांना रडू कोसळले होते. ४ जुलै २०२२ ला विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी ते एकनाथ शिंदेंकडे गेले. २०२४ मध्ये काँग्रेसमधून ठाकरेंच्या शिवसेनेत आलेल्या संतोष टारफेंना हरवून ते पुन्हा निवडून आले. पक्ष बदलल्याची शिक्षा इथे लोकसभेला झाली आणि विधानसभेला झाली नाही. लोकांशी बोलल्यावर कारण कळते. दवाखान्यात रात्री फोन केला तर कोण उचलतो, यावर आमदार ठरतो. खासदाराला असा फोन कुणी करतच नाही.

कळमनुरीत पाणी हा दुसरा विषय. तालुक्याच्या कडेला पैनगंगेवरचे इसापूर धरण आहे आणि त्याचा मोठा फायदा खालच्या नांदेडला होतो. खरबीच्या बंधाऱ्यातून कयाधूचे पाणी इसापुरात वळवण्याच्या योजनेला हिंगोलीत जोरदार विरोध आहे. औंढ्याकडचे सिद्धेश्वर धरण पूर्णेवर, त्याच्या वर परभणी जिल्ह्यातले येलदरी. पाणी जिल्ह्याच्या अंगणातून जाते आणि हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या वाट्याला थोडे येते, ही भावना सगळ्या पक्षांत सारखी आहे.

आता त्या गटाची हकिगत.

हिंगोली जिल्हा परिषदेचे ५२ गट आहेत आणि पाच पंचायत समित्यांचे मिळून १०४ गण. ग्रामीण लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास धरली तर एका गटात साधारण एकोणीस-वीस हजार माणसे येतात. बोट्स्वानाच्या खासदाराच्या जवळपास जाणारा माणूस आपल्याकडे शोधायचा तर तो जिल्हा परिषद सदस्य. गळक्या शाळाखोलीचे पत्रे, आरोग्य उपकेंद्रातली रिकामी जागा, अंगणवाडीचा पोषण आहार, पांदण रस्त्याचा मुरूम, हे सगळे त्याच्या टेबलावरून जाते. फेब्रुवारी २०१७ मध्ये या जागांची निवडणूक झाली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक आला. मे २०२५ मध्ये मी तिथे होतो तोवर, तीन वर्षांहून जास्त काळ, दहा लाख खेडुतांच्या जिल्ह्यात त्यांनी निवडलेला एकही जिल्हा परिषद सदस्य नव्हता. या काळात त्यांनी खासदार निवडला, आमदार निवडले. सर्वांत जवळचा माणूस निवडायला मात्र त्यांना कुणी बोलावले नाही.

औंढ्याजवळच्या एका गावात माजी सदस्य असलेल्या बाईंनी मला त्यांच्या वेळची वही दाखवली. पानोपानी गावांची नावे, समोर ‘हातपंप’, ‘खोली १’, ‘नाली’, काहींपुढे बरोबरची खूण, काहींपुढे नाही. २०२२ नंतर वही कोरी आहे. पण लोक अजून त्यांच्याच दारात येतात. त्यांच्याकडे आता सहीचा अधिकार नाही, म्हणून त्या आलेल्याला चहा देतात आणि कलेक्टर ऑफिसचा रस्ता सांगतात. कलेक्टर ऑफिसात अधिकारी चांगले असतील, तरी त्यांची बदली होते. त्यांना नाली कुठे तुंबते हे माहीत नसते. हातपंप दोन वर्षे बंद पडला आहे, हे सांगायला गावातली बाई तिथपर्यंत जाणार नाही.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. हिंगोलीच्या ५२ पैकी २६. वसमत, कळमनुरी, हिंगोली या तिन्ही मतदारसंघांतून २०२४ मध्ये एकही महिला आमदार झाली नाही. हिंगोलीत रूपालीताई गोरेगावकर उभ्या होत्या, त्या हरल्या. म्हणजे या जिल्ह्यातल्या बाईला सत्तेच्या खुर्चीपर्यंत पोचायचा रुंद दरवाजा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती हाच आहे, आणि तो २०२२ पासून बंद ठेवला गेला.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढण्याचा आणि निवडणुका चार महिन्यांत पार पाडण्याचा प्रयत्न करण्याचा आदेश दिला. हिंगोलीत मी होतो तेव्हा चहाच्या टपऱ्यांवर गटांच्या आरक्षणाच्या सोडतीवर पैजा लागत होत्या, इच्छुकांचे वाढदिवसाचे फलक चौकाचौकात झळकू लागले होते. लोक तयार आहेत. राज्य निवडणूक आयोगाने आणि सरकारने पावसाळ्याचे, प्रभागरचनेचे, मनुष्यबळाचे कारण पुढे करून या निवडणुका आणखी लांबवू नयेत. आणि हिंगोलीच्या मतदारांनी दारात येणाऱ्या प्रत्येक आमदाराला आणि खासदाराला आधी एकच प्रश्न विचारावा: आमच्या जिल्हा परिषदेच्या मतदानाची तारीख कोणती?